घळीच्या तोंडावरची डहाळी

नाना, तुझी डहाळी अजून परवापर्यंत तिथंच होती. घळीच्या तोंडाशी, दोन दगडांच्या मधे, मोडलेलं टोक आत डाव्या हाताला वळवून, जशी तू ठेवलीस तशी. कडुनिंबाची होती. पानं आधी मलूल झाली, मग पिवळी पडली, मग वाळून गळायला लागली. तुझा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुझ्या पोरी रडून रडून सासरी परतल्या. डहाळीला मात्र कुणी हात लावला नाही.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले, म्हणजे खोटंच बोलले. लोटननाना शांत माणूस होता म्हणे. कोण शांत? तू? बैलानं शेपटी जरा जोरात हलवली तरी त्याच्या सात पिढ्या काढणारा माणूस तू! मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, आणि तसाच खाली बसलो. मराठी फायनल झालेला माणूस आहे, बोलता नाही आलं तरी लिहिता येईल, असं म्हणून आज बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. तू असतास तर हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दर ओळीला तू हरकत घेतली असतीस.

आपल्या दोन गावांच्या मधलं ते बरड. सरकारी पडीत. मुरूम, बोरी, हिवर, मधेच पळसाची झाडी, आणि त्याच्या पोटातून गेलेल्या घळी. जमीन कुणाच्या नावावर नव्हती, म्हणून तुझं गाव, माझं गाव आणि पलीकडची भिलाटी, तिघांची तिरकमठ्यानं शिकार तिथंच चालायची. बंदूक एकट्या पाटलाकडं, तीही परवान्याची. तिकडं मोठी लढाई सुरू झाली आणि बंदुकीला काडतुसं मिळेनाशी झाली, हे आमच्याआधी डुकरांना कळलं. दादर ज्वारी निसवायला लागली की घळीतून कळप उतरायचे आणि उभं शेत लोळवून जायचे. म्हणून मी तिशी उलटल्यावर तिरकमठा हातात घेतला. तुझ्या हातात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता, आणि हे तू मला उठताबसता ऐकवायचास.

आपली ओळखच शिवीनं झाली. मी नवखा. घळीच्या तोंडाशी हिरवी डहाळी पडलेली दिसली. कुणा शेळीवाल्यानं मोडून टाकली असेल, असं समजून मी ती ओलांडली आणि आत शिरलो. वीस पावलं गेलो नसेन तोच एका खडकामागून तू उभा राहिलास, ताणलेली दोरी हळूहळू सैल करत.

"आंधया शे का रे तू? मी तुले डुक्करच समजनू!"

त्या दिवशी तू मला डहाळीपाशी परत नेलंस आणि कान धरावा तसं खांद्याला धरून एकेक गोष्ट समजावलीस. जो आधी येतो तो तोंडाशी डहाळी ठेवतो. मोडलेलं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला तो बसलेला. मागून आलेल्यानं ती बघायची आणि आल्या वाटेनं फिरायचं. शीळ घालायची नाही, हाक मारायची नाही, खोकलादेखील गिळायचा. आपला वास वाऱ्यानं दुसऱ्याच्या शिकारीकडं जाईल असं बसायचं नाही. दुसऱ्यानं जखमी केलेल्या जनावराच्या रक्तामागं त्याला विचारल्याशिवाय जायचं नाही. ज्याचा बाण आधी लागला, जनावर त्याचं. दुसऱ्याच्या बाणानं ते पडलं तर मागची एक तंगडी त्याला. रानात कुणाचा चुकलेला बाण सापडला तर खिशात घालायचा नाही, पीस वर करून वाटेच्या कडेला रोवून ठेवायचा, म्हणजे धनी येता-जाता बघेल. आणि डहाळी जो ठेवतो, तोच उचलतो. या शेवटच्या गोष्टीपाशी तू थांबलास आणि माझ्या डोळ्यांत बघून ती पुन्हा सांगितलीस.

ती किती खरी मानतोस हे मला पुढं कळलं. एकदा मी शिकार आटोपून सरळ घरी आलो आणि डहाळी उचलायची विसरलो. तुझं गाव माझ्या गावापासून काही जवळ नाही. तरी तू चालत आलास. मी जेवायला बसलो होतो, हिनं नुकती भाकर वाढली होती. तू ओट्यावर बसलास, पाणी प्यायलास, हिच्याशी पावसापाण्याचं बोललास, आणि मला म्हणालास, "चाल." मी म्हटलं, नाना, तूच टाकायचीस उचलून, मी आत नाही हे तुला माहीतच होतं. तू पायात वहाणा घातल्यास. भरल्या पानावरून उठून मी तुझ्याबरोबर उन्हात बरडापर्यंत गेलो, ती डहाळी उचलून फेकली, आणि तू तुझ्या वाटेनं निघून गेलास. घरी आलो तर भाकर थंड आणि ही गरम. पुढं बरेच दिवस तुझं नाव काढलं की ती तवा आपटायची.

तरी तू मारलेल्या डुकराचा वाटा पहिला आमच्याकडं यायचा. घरात डुकराचं मटण शिजवायची सोय नाही, म्हणून अंगणात तीन दगड मांडून तूच भांडं चढवायचास आणि हिलाच मीठ कमी पडल्याचं सांगायचास. तेव्हा ती हसायची. तू गेल्याचं कळलं त्या दिवशी तिनं ते तीन दगड हलवू दिले नाहीत.

आपलं भांडण मात्र मिटायचं राहूनच गेलं. पारोळ्याच्या बाजाराला गाडीतून जाताना, येताना, बाजारात बैल बघताना, तेच एक भांडण. मी म्हणायचो, नाना, सकाळची डहाळी दुपारपर्यंत तशीच असली, पानं मलूल झाली असली, तर मागच्या माणसानं एक हाक मारावी. तेवढी मुभा असावी. तू म्हणायचास, एकदा हाक सुरू झाली की प्रत्येकजण मारणार.

"तुले घाई शे, आन डुक्करले कान शेतस. एक हाक मारशी तर बठ्ठं बरड उठी जाई."

"आन माणूस मधमा मरी गया ते?"

"मरी गया ते मंग त्याले कसानी घाई?"

असं म्हणून तू गाडी हलेपर्यंत हसला होतास. मीही हसलो. हे हसणं आता माझ्या कानातून जात नाही. जेवताना, पाणी भरताना, कुणाशी बोलताना मधेच ते सुरू होतं, आणि समोरच्याला वाटतं की माझं लक्ष नाही.

त्या दिवशी सकाळी मी पोचलो तर डहाळी पडलेली होती. मोडलेलं टोक अजून ओलं होतं. आजही म्हाताऱ्यानं माझ्याआधी घळ गाठली, असं मनात म्हणत मी फिरलो आणि पलीकडच्या उतारावर जाऊन बसलो. काही मिळालं नाही. दुपारी बैलांना पाजून परत येताना पुन्हा त्याच वाटेनं आलो. डहाळी तिथंच. पानं माना टाकून. उन्हं चढल्यावर डुक्कर चिखलात पडून राहतं, तेव्हा बसून उपयोग नाही, हे तूच मला शिकवलेलं. तू एवढा वेळ कधी बसत नव्हतास. मी थांबलो. आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवर मी हात ठेवला, नाना. तुझी शिकार उठू नये म्हणून.

हाक तोंडापर्यंत आली होती. मग तुझा चेहरा आठवला, पुढचे चार बाजार गाडीत काय काय ऐकावं लागेल ते आठवलं. बैल एका बाजूनं पुढं काढले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाटीतला गुमान माझ्या दारात आला. रात्रभर तू घरी आला नव्हतास आणि तुझ्या कारभारणीनं, आमच्या अक्कानं, आधी त्याच्याकडं निरोप पाठवला होता. गुमान आपल्या दोघांपेक्षा चांगला माग काढतो, हे तू त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाहीस. आम्ही घळीच्या तोंडाशी गेलो. डहाळी बघून गुमान थांबला. मी म्हटलं, अरे, आता तरी चल. त्यानं मान हलवली, वळसा घालून टेकाडावर चढला आणि वरून घळीत उतरला. मीही त्याच्या मागून तसाच उतरलो. तू आत असताना तुझी डहाळी ओलांडायची हिंमत माझीही झाली नाही.

तू त्या मोठ्या खडकाखाली होतास. वरच्या कडेवरून पाय घसरला असावा. कंबर मोडली होती. तिरकमठा खडकापाशीच राहिला होता आणि तू त्याच्यापासून पुढं, तोंडाच्या बाजूला. गुमान खाली बसला, पाल्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"नाना लगेच नही गया. आठेथीन तठपावत सरकेल शे."

इथून तिथपर्यंत पाला घासत गेला होता. दोन माणसं आडवी निजतील एवढी वाट. आम्ही दोघांनी तो पाला हातांनी सारखा केला आणि ठरवलं की हे अक्काला सांगायचं नाही. वैद्यबुवा म्हणाले, पडल्या पडल्या प्राण गेला असेल. आम्ही माना हलवल्या. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत आलो. नाना पडल्या पडल्या गेला. त्याला काही कळलं नाही.

आणि तुला आम्ही तोंडातून बाहेर आणलं नाही. तुझ्या गावची चार माणसं आली, तुला घोंगडीत घातलं आणि त्या चढावरून, घसरत, धापा टाकत, वरून काढलं. सरळ वाट शंभर पावलांवर होती. कुणी तिचं नावही काढलं नाही.

मला तुला एवढंच विचारायचं आहे. मी हाक मारली नाही, ती तुझ्या शब्दाखातर. तू का नाही मारलीस? तिरकमठा मागं टाकून सरकलास, म्हणजे शिकारीचं काही उरलं नव्हतं. मी हात ठेवायच्या आधी घुंगरं वाजत होती ना? बैल माझे आहेत, आवाज तुझ्या ओळखीचा. ती ऐकलीस आणि गप्प राहिलास? की मी आलो तेव्हा तू आधीच गेला होतास? एकदा एक खरं वाटतं, एकदा दुसरं. दिवसातून कितीदा बाजू बदलते ते मला मोजवत नाही.

बरडावर जायला नको वाटतं आणि गेल्याशिवाय राहवत नाही. बैल त्या तोंडापाशी आपोआप थांबतात. पूर्वीही थांबत असतील, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. पळसाच्या बाजूला तुझा एक बाण सापडला, लाल दोरा गुंडाळलेला. नेहमीच्या सवयीनं मी तो पीस वर करून वाटेच्या कडेला रोवला. चार पावलं पुढं गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. मागं वळून तो उपटायला हात धजेना. अजून तिथं उभा आहे. आणि कधी कधी, उन्हात, जिथं कुणी बसलेलं नाही अशा वाटांवरही मला हिरवी डहाळी पडलेली दिसते. जवळ गेलो की नसते.

तुझी खरीखुरी डहाळी मात्र गावाच्या गळ्यात पडली. त्या घळीत कुणी जाईना. तुझ्या गावचे म्हणाले, ती सुपडूनं, म्हणजे मी, उचलावी, त्याची नानाशी सलगी होती. माझ्या गावचे म्हणाले, नानाच्या घरच्यांनी उचलावी. गुमान म्हणाला, "ज्यानी ठेवी, तोच उचली," आणि विषय संपवला. चार म्हाताऱ्या म्हणायला लागल्या की लोटननाना अजून आत बसलेला आहे, डहाळी उचलली तर चिडेल. डुकरांना तेवढंच हवं होतं. माणूस आत येत नाही म्हटल्यावर सगळे कळप त्याच घळीत येऊन राहिले. माझी अर्धी दादर आडवी झाली. तुझी तर त्याहून जास्त. तुझं शेत घळीला लागून, आणि राखायला आता एकटी अक्का.

परवा सकाळी ती माझ्या दाराशी आली. हिनं बसायला घोंगडी टाकली, ती बसली नाही.

"सुपडूभाऊ, ती फांटी उचली टाका. त्या अजून मधमाच बशेल शेतस, अशे लोके म्हनतस. माले पीक राखानं शे."

मी म्हटलं, अक्का, दुसरं काहीही सांग. ती म्हणाली, मग माझ्याबरोबर चला तरी.

वाटेत तिनं मला एक गोष्ट सांगितली. तुझा थोरला भाऊ लंगडायचा. आम्ही समजायचो, लहानपणापासून तसाच असेल. नाना, तू मला इतकी वर्षं गाडीत शेजारी बसवून डुकराच्या कानांच्या गोष्टी सांगितल्यास, आणि हे नाही सांगितलंस! तू पोरसवदा होतास, घळीत बसला होतास, दोरी ताणलेली. थोरल्यानं जेवायला ये म्हणून मागून हाक मारली. तू दचकून वळलास आणि बाण सुटला. त्याच्या मांडीत गेला. तेव्हापासून बरडावर तू कुणाला हाक मारू दिली नाहीस. मी वाटेत थांबलो. मी दर बाजाराला तुझी ती जखम उकरत होतो आणि तू ती हसण्यावारी नेत होतास. सांगितलं असतंस तर मी पुन्हा तोंड उघडलं नसतं. की म्हणूनच नाही सांगितलंस? भांडायला कुणीतरी हवं होतं तुला?

आणि मग दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट. तू खाली पडलेला असताना वाटेवर कुणाची तरी चाहूल लागली असेल, आणि हाक तुझ्याच घशात अडकली असेल. त्या एका हाकेनं तुला जन्मभर काय दिलं ते मला आता कळलं होतं.

आम्ही तोंडाशी पोचलो. अक्का डहाळीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, रडेल. तिनं पदर सावरला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घळीत हाक दिली.

"ओ लोटन! लोटन, ओ!"

 लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच तुझं नाव तिच्या तोंडी आलेलं. बाकी जन्मभर तू तिचा 'त्या' होतास. तुला जेवायला बोलवायचं तर ती तांब्या वाजवायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, आणि तांब्या वाजला की आम्ही तुझी थट्टा करायचो. त्या बाईनं भर उन्हात, परक्या पुरुषासमोर, मोकळ्या रानात तुझं नाव ओरडून घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा आवाज फाटला.

आतून एकदम गलका उठला. पाला, दगड, फुरफुर. एक मोठा कळप चढावरून वर पळाला. तो मोठ्या खडकाखालून उठला होता. तू पडला होतास त्याच जागेवरून.

अक्कानं तिकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आवाज पोचस का तठपावत?"

इतके दिवस मी तिच्याशी खोटं बोललो होतो. पडल्या पडल्या गेला, काही कळलं नाही. आणखी एकदा बोलणं काही जड नव्हतं. पण तिनं आत्ताच तुझं नाव घेतलं होतं, आणि तिच्या तोंडाकडं बघून मला ते जमेना.

"पोचस, अक्का," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. घासलेला पाला, गुमान, दुपार, घुंगरांवर ठेवलेला हात.

 मला वाटलं, आता मारेल, आणि मी मार खायला तयार होतो. ती वाकली आणि तुझी डहाळी तिनं उचलली. होती नव्हती ती पानं गळून पडली.

"त्यासनी ठेवी, मी उचली लिधी. घर एकच शे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आते तुमी हाक मारत जा, भाऊ."

म्हणून मी मारतो, नाना. तू कितीही चिडलास तरी. लांबून, झाडाच्या आडोशाला उभं राहून, आधी खोकून, मग नाव घेऊन, म्हणजे आतला माणूस दचकणार नाही. तुझ्या थोरल्याचं कळल्यावर एवढी काळजी मी घेतो. काल दुपारी त्याच घळीच्या तोंडाशी गुमानची डहाळी होती, पानं मलूल झालेली. मी खोकलो आणि हाक मारली. आत डुक्कर धाडकन उठून पळालं, आणि पाठोपाठ गुमाननं माझ्या बापापासून आजापर्यंत सगळ्यांना अशी सणसणीत शिवी घातली की झाडावरची पाखरं उडाली. तो जिवंत होता, धडधाकट होता आणि माझ्यावर भयंकर संतापला होता. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो.